आकडेमोडीतल्या पाण्याचा काठ

(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या मालेत गणितावरच बोलावे, असा संयोजकांचा आग्रह होता. 'कणाधारित संगणकीय पद्धती आणि त्यांच्या सीमा-अटी' असा विषय मी कळवला, तेव्हा फोनवर थोडा वेळ कुणी काही बोलेना. मग अदबीने प्रश्न आला, "सर, लोकांना झेपेल असं सांगाल ना?" झेपेल, कारण या विषयाचे सुरेख उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यासाठी तुळजापूर ओलांडून नळदुर्गापर्यंत जायचे.

नळदुर्गचा पाणीमहाल इथल्या बहुतेकांनी पाहिलेला असणार. बोरी नदीला किल्ल्यातच अडवणारे दगडी धरण, त्या धरणाच्या पोटात महाल, आणि मुख्य किल्ल्याला रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडणारा रस्ताही तेच धरण. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत १६१३ साली हे काम झाले. वास्तुकार म्हणून मीर इमादीन याचे नाव सांगितले जाते. पावसाळ्यात बोरी भरून आली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागते. महालात उभ्या असलेल्या माणसाच्या समोरून पाण्याचा पडदा खाली जातो आणि तो स्वतः कोरडा राहतो. पर्यटक तिथे फोटो काढतो. माझ्यासारखा माणूस तिथे एका प्रश्नात अडकतो: हे पाणी संगणकावर जसेच्या तसे उभे करता येईल का?

पाणी कसे वाहते याची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच लिहून झाली. नाविये आणि स्टोक्स यांच्या नावाने ती ओळखली जातात. बोरीला ती लागू, सीनेला लागू, आणि मिसिसिपीलाही लागू. मग नळदुर्गचे पाणी नळदुर्गचे कशामुळे होते? काठामुळे. भिंत कुठे आहे, सांडव्याची कड कशी कापली आहे, वरून किती पाणी येते, खाली ते कुठे निघून जाते, वर हवा कुठे सुरू होते, यावरून. समीकरण सगळीकडे एकच, उत्तर मात्र दर ठिकाणी वेगळे, आणि तो वेगळेपणा सगळा काठावरून येतो. काठाविषयी गणिताला दिलेल्या या माहितीला आम्ही सीमा-अटी म्हणतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की समीकरण निसर्गाचे असते, पण संगणकातला काठ माणूस ठरवतो. म्हणून कोणत्याही संगणकी उत्तराची परीक्षा काठावर करावी.

पाणी संगणकात भरायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत जागेवर जाळी टाकतात आणि दर चौकटीतून किती पाणी आले-गेले याचा हिशेब ठेवतात. नदीच्या लांबच लांब पात्रासाठी ही रीत उत्तम. पण नर-मादीखाली पाणी फुटते, उडते, तुकडे होऊन पुन्हा मिळते. तिथे जाळीतल्या चौकटींना पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते हे ठरवताना नाकी नऊ येतात. दुसरी रीत म्हणजे पाण्यालाच लहान लहान कणांत वाटून टाकायचे. प्रत्येक कणाला वस्तुमान, जागा, वेग आणि दाब. कण फिरतात, गणित त्यांच्यामागून जाते. पाणी फुटले तर कण पांगले, एवढेच. जाळी नाही, म्हणून जाळी फाटण्याची भीती नाही.

या दुसऱ्या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, थोडक्यात एसपीएच. ती १९७७ साली जन्मली, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे: एकीकडे लिऑन लूसी, दुसरीकडे रॉबर्ट गिंगोल्ड आणि जो मोनाहन. तिघांनाही पाण्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना तारे समजून घ्यायचे होते. तारा म्हणजे पोकळीत तरंगणारा वायूचा गोळा. त्याला भिंत नाही, तळ नाही, सांडवा नाही. थोडक्यात, या पद्धतीला काठाची सवयच नव्हती. मोनाहन यांनी १९९४ साली तीच पद्धत मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्याला लावली, कोसळत्या बांधाचे पाणी वाहवून दाखवले, आणि पृथ्वीवर आल्याबरोबर पद्धतीला पहिली अडचण भेटली ती भिंतीची. ती अडचण अजून पुरती सुटलेली नाही. एसपीएचवर काम करणाऱ्या संशोधकांनी आपल्यापुढची मोठी आव्हाने मोजली तेव्हा सीमा-अटींचा त्यात स्वतंत्र उल्लेख केला.

अडचण नेमकी काय? एसपीएचमध्ये एखाद्या जागेची घनता किंवा दाब काढायचा तर तिथला कण आपल्या आसपासच्या कणांची बेरीज करतो. जवळच्या शेजाऱ्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, आणि ठरावीक अंतराच्या पलीकडच्याला शून्य. हे वजन देणाऱ्या सूत्राला कर्नल म्हणतात. पाण्याच्या मधोमध असलेल्या कणाला अशा बेरजेसाठी सहज साठ-सत्तर शेजारी मिळतात. भिंतीला टेकलेल्या कणाची स्थिती मात्र पंगतीच्या टोकाला बसलेल्या माणसासारखी असते: एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला कुणी नाही. त्याची बेरीज जवळपास निम्म्यावर येते. गणित समजते की इथे पाणी विरळ झाले. विरळ म्हणजे दाब कमी. दाब कमी म्हटल्यावर मागचे पाणी तिकडे लोटले जाते, आणि कण भिंतीच्या आरपार निघून जातात. संगणकातली दगडी भिंत ही पडद्यावरची नुसती रेघ असते. तिथे पाणी अडवायचे तर 'अडव' हेही गणितातच लिहावे लागते.

यातली खरी मेख पुढे आहे. पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावर असलेल्या कणालाही एका बाजूला शेजारी नसतात. तिथे खरोखरच हवा आहे, दाब शून्य धरायचा आहे, आणि शेजारी नसणे बरोबर आहे. भिंतीशी मात्र शेजारी नसणे चूक आहे, कारण तिथे दहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे दहा टन एवढा भार पाणी भिंतीवर टाकते आणि भिंत तेवढ्याच जोराने तो परत देते. कणाच्या दृष्टीने दोन्हीकडे दिसणारे लक्षण एकच: बेरीज अपुरी. पण एकीकडे मोकळे आकाश, दुसरीकडे दगड. कोशिझुका आणि ओका यांनी १९९६ साली मांडलेल्या एमपीएस या जपानी पद्धतीत, कणाभोवतीची गर्दी नेहमीच्या ९७ टक्क्यांच्या आसपास ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की तो पृष्ठभागावरचा कण समजतात. सूत्र सोपे आहे. परंतु भिंतीच्या बाजूने कण भरले नाहीत, तर तळाशी बसलेल्या कणालाही ते 'तू आकाशाखाली आहेस' असेच सांगेल.

मग भिंत उभी करायची कशी? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निरनिराळे उपाय निघाले. त्यातले चार सांगतो.

पहिला उपाय धाक दाखवण्याचा. भिंतीवर कणांची एक ओळ ठेवायची आणि पाण्याचा कण फार जवळ आला की त्याला जोराने मागे ढकलायचे. मोनाहन यांनी १९९४ मध्ये हेच केले. त्यासाठी रेणूंच्या आपसातल्या बलाचे सूत्र उसने घेतले. लिहायला सोपे, कोणत्याही आकाराच्या भिंतीला चालणारे. पण नळदुर्गच्या धरणामागे हिवाळ्यात जसे निवांत पाणी साचलेले असते, तसे निवांत पाणी या पद्धतीत ठेवून बघा. ते निवांत राहत नाही. भिंतीजवळ कण उगाच थरथरत बसतात. भिंतीला समांतर जाणाऱ्या कणाला भिंतीच्या एका कणाचा धक्का बसतो, मग पुढच्याचा, आणि गुळगुळीत भिंत विनाकारण खडबडीत होते.

दुसरा उपाय आरशाचा. भिंतीच्या अलीकडे जेवढे कण, तेवढेच प्रतिबिंब पलीकडे निर्माण करायचे. प्रतिबिंबाचा भिंतीकडचा वेग उलटा केला की भिंतीच्या रेषेवर वेगाचा तो भाग शून्य होतो आणि पाणी आत शिरत नाही. सरळ भिंतीला हे देखणे काम आहे. पण नळदुर्गच्या तटाला गोल बुरूज आहेत, कोपरे आहेत, सांडव्याची कड आहे. कोपऱ्यात एकाच कणाची दोन प्रतिबिंबे पडतात, कधी तीन, आणि कोणते मोजायचे याचा गोंधळ होतो. किल्ला बांधणाऱ्याने संगणकवाल्याची सोय बघितली नव्हती.

तिसरा उपाय भिंतच कणांची भरायचा. भिंतीच्या आत दोन-तीन थर स्थिर कण ठेवायचे, ते बेरजेत धरायचे, पण त्यांना हलू द्यायचे नाही. दाब कुठून द्यायचा? सर्वांत साधी रीत २००७ साली क्रेस्पो, गोमेझ-गेस्तेइरा आणि डॅलरिंपल यांनी मांडली: भिंतीच्या कणांनाही पाण्याचेच सूत्र लावा, फक्त जागा पक्की ठेवा. ही रीत दणकट आहे आणि खूप वापरली गेली. पण तिच्यात पाणी आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीक फट राहते. पाणी भिंतीला टेकायच्या आधीच थबकते. २०१२ मध्ये अदामी, हू आणि ॲडम्स यांनी वेगळी वाट धरली. भिंतीच्या प्रत्येक कणाने आपल्या समोरच्या पाण्याकडे बघून दाब ठरवायचा. गुरुत्वामुळे आणि भिंतीच्या स्वतःच्या हालचालीमुळे येणारा फरकही त्यात मिळवायचा. आजच्या अनेक संगणक-प्रणालींत याच रीतीचे रूप दिसते.

चौथा उपाय गणितज्ञाचा. भिंतीमुळे कर्नलचा जो तुकडा कापला गेला, त्याचे क्षेत्र काटेकोर मोजायचे आणि बेरीज तेवढ्याने सावरून घ्यायची. कुलसेगरम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुरुवात केली, फेराँ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ते पुढे नेले. भिंतीत खोटे कण भरायची गरज उरत नाही. उत्तर स्वच्छ येते. किंमत अशी की वेड्यावाकड्या दगडी भिंतीसाठी हे तुकडे मोजणे हाच एक उद्योग होऊन बसतो.

भिंतीबद्दल आणखी एक निर्णय राहिला. पाणी दगडाला चिकटते का घसरते? खऱ्या जगात दगडाला लागलेला पाण्याचा थर दगडाबरोबर थांबतो. पण हा मंदावलेला थर फार पातळ असतो. दहा सेंटिमीटरचे कण घेऊन मिलिमीटरांचा थर दाखवता येत नाही. म्हणून अनेक जण 'पाणी घसरते' असे धरून पुढे जातात. चुकले असे नाही, पण हा निर्णय आहे आणि तो निसर्गाने घेतलेला नाही.

कण लहान करा, असे कुणी म्हणेल. जरा हिशेब मांडू. शंभर मीटर लांब, शंभर रुंद आणि दहा मीटर खोल पाणी घ्या. दहा सेंटिमीटरचा कण घेतला तर दर घनमीटरला एक हजार, म्हणजे एकूण दहा कोटी कण. दहा मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे चौदा मीटर. या पद्धतीत पाणी अगदी किंचित दाबले जाते असे धरतात, आणि त्यातला ध्वनीचा वेग पाण्याच्या सर्वाधिक वेगाच्या दहापट, म्हणजे सेकंदाला १४० मीटर ठेवतात, म्हणजे घनता एका टक्क्याहून अधिक हलत नाही. त्यावरून वेळेचे पाऊल सेकंदाच्या पाच-हजाराव्या भागाएवढे येते. एका मिनिटाचा धबधबा दाखवायला तीन लाखांच्या आसपास पावले, आणि दर पावलाला दहा कोटी कणांची बेरीज. कणातले अंतर निम्मे केले तर कण आठपट, पावले दुप्पट, काम सोळापट. म्हणूनच आख्ख्या सीना खोऱ्याचा पूर कुणी कणांनी काढत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात जे पाणी पसरले, त्याच्यासाठी जाळीचीच पद्धत योग्य. कण वापरायचे ते सांडव्याच्या तोंडाशी, बांध फुटतो त्या भगदाडाशी, लाट भिंतीवर आदळते तिथे. मग लांबची जाळी आणि जवळचे कण जोडावे लागतात. हा जोडही एक काठच. वरून येणारे पाणी तिथे नवे कण म्हणून जन्माला घालायचे आणि खाली पोचलेले कण काढून घ्यायचे. ते आडदांडपणे काढले तर दाबाची लाट उलटी फिरते आणि सांडव्यापर्यंत येऊन उत्तर बिघडवते.

हे सगळे ऐकून 'त्यापेक्षा खरे छोटे धरण बांधून बघा' असे वाटेल. तेही आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालते. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ साली सुरू झालेल्या कामातून वाढली, आणि देशभरातल्या धरणांच्या प्रतिकृतींवर तिथे पाणी सोडून पाहिले गेले. शंभरास एक प्रमाणाची प्रतिकृती केली तर वेग दहावा हिस्सा ठेवावा लागतो आणि एका तासाचा पूर सहा मिनिटांत जातो. पण घर्षण त्याच प्रमाणात लहान होत नाही. म्हणून प्रतिकृतीचा तळ हाताने कमी-जास्त खरखरीत करावा लागतो. म्हणजे सिमेंटच्या हौदातही काठ माणसालाच ठरवावा लागला. संगणकाने ही जबाबदारी नवीन आणली नाही.

काठावरचा निर्णय उत्तर किती बदलतो, याचे जुने आणि बोलके उदाहरण फुटत्या धरणाचे. रिटर या जर्मन अभ्यासकाने १८९२ मध्ये सूत्र काढले: भिंत एकाएकी नाहीशी झाली तर कोरड्या तळावरून धावणाऱ्या पाण्याच्या अग्राचा वेग काय? दहा मीटर पाण्यासाठी उत्तर येते सेकंदाला जवळजवळ वीस मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. मोटारसायकलवाल्यालाही भारी पडेल. पण रिटरने तळाला घर्षण नाही असे धरले होते. खऱ्या तळावर पाण्याचे टोक अडखळते, फुगते आणि बरेच मंद होते. पाणी तेच, गुरुत्व तेच, फक्त तळाची अट बदलली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुणे बुडाले, हे मराठी माणसाला सांगायला नको. खालच्या गावाला पाणी पोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न अशा वेळी जीवन-मरणाचा असतो, आणि त्याचे उत्तर तळाच्या अटीवर टांगलेले असते.

आपल्या जिल्ह्याला पाण्याखेरीज दुसरा एक दिवस ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबरच त्या वेळी उस्मानाबाद नाव असलेल्या आपल्या जिल्ह्यालाही त्याचा मार बसला. सास्तूर आणि लोहारा परिसराने तो भोगला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावर धाब्याचे ओझे. घर कोसळले ते याच भिंतींनी. अशा भिंतीचा अभ्यासही कणांनी होतो. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडलेल्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीत दगड न् दगड स्वतंत्र हलतो, घासतो, आपटतो. इथे गंमत अशी की नळदुर्गला जी भिंत काठ होती, ती इथे स्वतःच कण झाली. मग काठ कोणता? भिंतीखालची जमीन. ती किती आणि कशी हलली हे गणिताला द्यावे लागते. पण किल्लारीच्या केंद्राजवळ तीव्र धक्क्याची उपकरणी नोंद झालेली नाही. तिथल्या भिंतीचे गणित करणारा प्रत्येक अभ्यासक जमिनीची हालचाल दुसरीकडच्या नोंदींवरून बेतून घेतो. त्याची घरे कितीही बारकाईने पडली, तरी त्याच्या निष्कर्षावर या बेतलेल्या जमिनीचा शिक्का असतोच. आणखी एक गोष्ट. संगणकातली जमीन ही मर्यादित पेटी असते. खऱ्या पृथ्वीत लाट दूर निघून जाते, पेटीत मात्र कडेवर आपटून परत येते आणि घराला दुसऱ्यांदा हलवते. हे टाळायला लाट शोषून घेणारी कड लागते. लिस्मर आणि कूलमायर यांनी १९६९ मध्ये तशी कड सुचवली, आणि अभियंते आजही ती वापरतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? तपासणीवर. पहिली चाचणी अगदी गरीब दिसते: हौदात पाणी भरा आणि काहीही करू नका. ते शांत राहिले पाहिजे, तळाचा दाब खोलीप्रमाणे यायला हवा. पुष्कळ देखण्या प्रणाली इथेच नापास होतात. दुसरी चाचणी प्रयोगाशी ताडण्याची. मार्टिन आणि मॉयस यांनी १९५२ साली पाण्याचा खांब कोसळवून मोजमापे घेतली. आजही नवीन पद्धत निघाली की त्या मोजमापांशी ताडून बघतात. तिसरी चाचणी गणिती, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. पवईच्या आयआयटीत प्रभू रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह पायएसपीएच नावाची मुक्त प्रणाली घडवली. कुणीही ती उतरवून घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. त्यांनी आणि पवन नेगी यांनी एसपीएचच्या सीमा-अटी तपासण्यासाठी एक कठोर रीत लावून दाखवली. आधी उत्तर स्वतःच रचायचे, त्या उत्तरासाठी समीकरणात जे जादा पद लागेल ते मिळवायचे, आणि मग प्रणाली तेच उत्तर परत देते का ते पाहायचे. कणांमधले अंतर निम्मे केल्यावर चूक चौथाईवर आली, तर भिंतीची अट बरोबर लिहिलेली आहे. चूक तिथेच रेंगाळली, तर कितीही कण ओता, काठ सडका आहे. नळदुर्गचे सुंदर चलचित्र ही चाचणी चुकवू शकत नाही.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. महासंगणकाची वाट पाहू नका. साध्या लॅपटॉपवर काही हजार कणांचा सपाट हौद चालतो. आधी पाणी शांत ठेवून दाखवा. मग एक भिंत काढून घ्या. भिंतीच्या दोन वेगवेगळ्या अटी लावा आणि एकाच पाण्याची दोन उत्तरे समोरासमोर ठेवा. या विषयातला निम्मा अभ्यास तिथेच होतो.

आणि बाकीच्यांना, म्हणजे शेतकरी, सरपंच, पत्रकार, वकील या सगळ्यांना एक विनंती. येत्या काळात पूररेषेचे नकाशे येतील, धरणफुटीचे अहवाल येतील, रंगीत पाणी पडद्यावर धावताना दाखवले जाईल. रंगाने दिपून जाऊ नका आणि संगणक म्हटल्याबरोबर हेटाळणीही करू नका. तीन प्रश्न विचारा. काठाला, तळाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याला काय धरले आहे? शांत पाणी शांत राहते हे तपासले का? कण किंवा जाळी निम्मी केल्यावर उत्तर किती हलले? ज्याने काम मनापासून केले असेल तो हे प्रश्न ऐकून खूश होईल आणि वही उघडून दाखवील. जो दाखवणार नाही, त्याचा नकाशा ग्रामसभेत मंजूर करू नका.